मंगळवार पेठेतल्या बाई

आज कोल्हापुरात सूर्य सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मावळेल. स्वयंपाकघराच्या दारामागे तक्ता लावलेला आहे, दर वर्षी आषाढात मी तो पंचांगावरून नव्याने लिहून काढते. चातुर्मासाचे चार महिने. डावीकडे तारीख, उजवीकडे वेळ. तुमचे आजोबा म्हणायचे, हे सगळं आता फोनवर दिसतं, कशाला बोटं दुखवून घेतेस. पण हाताने लिहिताना दिवस कसा लहान होत जातो ते कळतं. रोज थोडा थोडा, कधी अर्धं मिनिट, कधी पाऊण. उन्हाळ्यात भरपूर कापड असावं आणि दिवाळीपर्यंत शिंप्याने दोन्ही बाजूंनी कापत आणावं, तसा.

भाद्रपद संपत आला आहे. पाऊस आता मनाला येईल तेव्हा येतो, दुपारी ऊन पडतं, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास विद्यापीठाच्या रस्त्यावर नव्या मुलामुलींचे घोळके दिसतात. पहिल्या वर्षाचं मूल मला लांबूनही ओळखू येतं. त्याची पाठीवरची पिशवी नवी असते आणि ते हसताना आधी इकडेतिकडे बघून घेतं.

गुरुवारी अनयाचा फोन आला. अनया, तू स्कॉटलंडला जाऊन तीन आठवडे झाले. तुझ्यामागे पांढरी भिंत होती, भिंतीवर काहीही लावलेलं नव्हतं. मी विचारलं, जेवलीस का. तू म्हणालीस, ब्रेड खाल्ला, आणि आईने दिलेली पाकिटं आहेत अजून. मग म्हणालीस, डिसेंबरमध्ये इथे पावणेचारला सूर्य मावळतो म्हणे, आजी, तेव्हा काय करू. आपण दोघी हसलो. तुझा भाऊ सम्यक मेलबर्नहून त्याच फोनवर होता. तो म्हणाला, मग तीन वाजताच डिनर कर.

मी विचारलं, शेजारी कोण आहे. तू म्हणालीस, समोरच्या खोलीत हलिमा नावाची मुलगी आहे, दोनदा जेवायला बोलवायला आली होती, पण मी नाही गेले. का, म्हटलं, तर तुझं उत्तर असं होतं: "इथे आपल्यातलं कुणी नाहीये ना आजी. तुला कशा त्या मंगळवार पेठेतल्या बाई भेटल्या होत्या. तसं कुणी मिळालं की मग ठीक होईल."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर चार दिवस मी कपाटं आवरते आहे. मनात काही अडकलं की मी कपाटं आवरते, हे तुमच्या आईला माहीत आहे. आता आवरायला एकही कप्पा उरला नाही, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता. हे सावकाशच वाचा.

माझं शाळाकॉलेज बेळगावला झालं, इंग्रजी माध्यमात, नन्सच्या शिस्तीत. बिछान्याची चादर कशी खोचायची, पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तारीख कशी घालायची, हे तिथलं. घर मात्र शिरोळचं, जैन शेतकऱ्यांचं. ऊस, कृष्णेचं पाणी आणि देवळाची घंटा. बी.ए. झाल्यावर मला इंग्रजी घेऊन एम.ए. करायचं होतं, कोल्हापूरला, विद्यापीठात. अण्णा म्हणजे माझे वडील, ते तयार होते. प्रश्न अव्वांचा होता. अव्वा अण्णांची आई. कर्नाटकातून आमच्या घरी सून होऊन आलेली बाई, तिच्या शब्दाबाहेर घरात कुणी जात नसे.

अव्वांनी एकच अट घातली. "चातुर्मासात दिवस बुडायच्या आत जेवायचं. कांदा-लसूण न्हाय, कंदमूळ न्हाय. पाणी गाळून प्यायचं. चार महिने जमलं तर पुढं शीक. न्हाय जमलं तर तसं सांग आणि घरला ये, स्थळं काय थांबलेली न्हाईत."

अण्णांनी पंचांगावरून सूर्यास्ताच्या वेळा एका कागदावर लिहिल्या आणि तो कागद खळीने माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. तो माझा पहिला तक्ता. ट्रंक उघडली की आधी तो दिसायचा, मग कपडे.

मुलींचं वसतिगृह विद्यापीठाच्या आवारातच होतं. तेव्हा तिकडे इमारती थोड्या आणि माळ फार. गुडघाभर गवत, त्यात मोर. पहाटे मोर असे ओरडायचे की नव्या मुली दचकून उठायच्या. ओल्या मातीचा लाल चिखल चपलेला लागून खोलीपर्यंत यायचा आणि मी रोज तो पुसून काढायची. खोलीतल्या खाटेची एक फळी मोडकी होती. पाठ कुठे ठेवायची हे पहिल्या आठवड्यात शिकले. कपडे वाळत नसत, दोरीवरून काढले तरी त्यांना तळघरासारखा वास यायचा. आजही पावसाळ्यात एखादी चादर नीट वाळली नाही की तिच्या वासासरशी मी एकवीस वर्षांची होते.

आणि मेस संध्याकाळी साडेसातला उघडायची.

जूनच्या शेवटी सूर्य सात वाजून बारा मिनिटांनी मावळत होता. अठरा मिनिटांचा फरक. मी मेसच्या मॅनेजरांकडे गेले आणि शुद्ध भाषेत विनंती केली, की मला सातला पान वाढलं तर बरं होईल. ते गृहस्थ तांदूळ निवडून घेत होते. मान वर न करता म्हणाले, "पोरी, दोनशे जणांचा स्वैपाक हाय. मेस साडेसातलाच. सूर्याला सांग की जरा थांबायला."

मी परत आले. घरी पत्र लिहिलं, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, सर्व ठीक आहे म्हटलं.

पुढचा महिना मी केळी, शेंगदाणे आणि घरून आणलेल्या चिवड्यावर काढला. दुपारी मेसमध्ये भात आणि कांदा नसेल ते. बहुतेक सगळ्यात कांदा असायचा. पहिलं वर्ष म्हटलं की लोकांना नवी पुस्तकं, नवे मित्र आठवतात. मला आधी भूक आठवते. घरी उपवास मी कितीतरी केले होते, पण त्या उपवासाभोवती माणसं होती. उद्या सकाळी पारण्याला काय करायचं याची बोलणी व्हायची. इथली भूक एकटीची होती. संध्याकाळी साडेसातला मेसमधून फोडणीचा वास खोलीपर्यंत चढायचा, मुली ताटं वाजवत जिने उतरायच्या, आणि मी ट्रंकेचं झाकण उघडून अण्णांच्या अक्षरातला तो आकडा पुन्हा वाचायची. अण्णांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, घरी ये. अगदी प्रेमाने म्हणाले असते.

वर्गात मी इंग्रजी सफाईने बोलत असे. बाकीची मुलं बहुतेक मराठी माध्यमाची, ती माझ्याकडे बघत आणि लांब बसत. माझ्या पाठीमागे मला 'मॅडम' म्हणत असत, हे मला नंतर कळलं.

एका दुपारी ग्रंथालयात मला घेरी आली. पडले नाही, कपाटाला धरून खाली बसले. शेजारच्या ओळीतून एक मुलगी आली, आमच्याच वर्गातली, शेवटच्या बाकावर बसणारी. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काय गं, इंग्रजीत लई फाडफाड बोलतीस. भूक लागली तर कुठल्या भाषेत सांगतीस?"

ती शालन. शालन कांबळे, उचगावची. तुमची शालनआजी, जिने सम्यकला पोहे खाताना पाठीत धपाटा घातला होता. उचगाव विद्यापीठापासून तासाभराच्या वाटेवर, ती रोज चालत यायची. वडील फौंड्रीत कामाला, आई लोकांच्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जायची. कांबळे मंडळी बौद्ध. शालनच्या आजोबांनी धम्म घेतला, तेव्हा तिची आई सासरी नवी होती.

तिने पिशवीतून फडकं सोडलं. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीचा वास आला आणि मी मान हलवली. नको.

शालनने फडकं बांधलं नाही. ते मांडीवर तसंच उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "लसूण म्हणून नको, का आमची म्हणून नको?"

असं कुणी मला तोवर विचारलं नव्हतं. आमच्या शिरोळच्या घरी गोठ्याच्या कोनाड्यात एक पितळी पेला उपडा असायचा. रानात काम करणाऱ्या काही जणांना त्यातून पाणी. कुणाला आणि का, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि तरी मला ठाऊक होतं.

"लसूण म्हणून," मी म्हणाले.

"मग उद्या बिनलसणाची आणतो," शालन म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'आणतो', 'जातो' असंच म्हणतात. बेळगावच्या नन्सनी ऐकलं असतं तर त्यांना घेरी आली असती.

मी खरं उत्तर दिलं होतं. पण तिने प्रश्नाचा फक्त दुसरा अर्धा भाग विचारला असता तर मी काय म्हणाले असते, ते मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा आला. संध्याकाळी साडेपाचला तास संपला की ग्रंथालयामागच्या आंब्याखाली आम्ही बसायचो. मुगाची आमटी, दोडका, कारळ्याची चटणी, भाकरी. काय चालतं आणि काय नाही याची यादी मी कागदावर लिहून दिली होती, मुद्देसूद. शालनने ती आईला वाचून दाखवली. तिच्या आईचं नाव पारूबाई. त्या म्हणाल्या म्हणे, "कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय, पावसाळ्यात पालेभाजी न्हाय. मग ही पोरगी खाती काय, वारं?" आणि मग म्हणाल्या, पाणी गाळून घेतलंय म्हणून सांग तिला, धुतलेल्या धोतराच्या फडक्यानं.

ऑगस्टमध्ये एक दिवस शालन हसतच आली. "तुझं भांडं आमच्या घरात वेगळं ठेवलंय. स्टीलचं पातेलं. आमच्यात मटणाबिटणाची भांडी असतात, त्याला शिवायला नको म्हणून आईनं नवं आणलं आणि तुझं नाव घालून घेतलं वर. घरातलं पहिलं स्टीलचं भांडं, आणि नाव कुणाचं, तर पद्माचं." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "बघ की. आता आमच्याकडं तुझं भांडं वेगळं."

मी हसले. तिच्याइतकं मोकळं नाही. मला तो पितळी पेला आठवला. शालनच्या डोळ्यांत होतं की तिलाही तिच्या ओळखीचा एखादा पेला आठवत होता.

जेवण झालं की उरलेल्या उजेडात मी तिला पाठ समजावून द्यायची. ती तासाला इंग्रजी ऐकून ते देवनागरीत लिहून घ्यायची, पानंच्या पानं, आणि मग घरी कोशाशी झगडायची. अशी वही मी आधी पाहिली नव्हती. शेक्सपियरच काय, कुणीही त्या वहीत उचगावचंच वाटलं असतं. मी तिला वाक्यं सोडवून द्यायची, ती मला माणसं सोडवून द्यायची. कुठले प्राध्यापक वरून कडक आणि आतून मऊ, कुठल्या मुलीशी आपणहून बोलावं, ग्रंथालयात पुस्तक कुणाकडे मागावं. सप्टेंबरपर्यंत मला वर्गात चार मैत्रिणी झाल्या होत्या. 'मॅडम' आता तोंडावर म्हणत, म्हणजे ते नाव माझं झालं.

सूर्य रोज थोडा लवकर मावळत होता. सात. पावणेसात. साडेसहा. आम्ही पाठ आखडता घेत होतो, पण डबा कधी चुकला नाही.

दसरा झाला. शिरोळकडे पहिली गुऱ्हाळं पेटली. एका शनिवारी पावणेसहाच्या सुमारास अण्णा अचानक आले, पांढरा पटका, हातात फडक्यात बांधलेली गुळाची लहान ढेप. आम्ही आंब्याखाली बसलेलो. शालनने नुकतंच डब्याचं झाकण काढलं होतं.

अण्णा खूश झाले. डब्याकडे वाकून बघत म्हणाले, "वा. दिवसाउजेडी जेवण. अव्वाला सांगतो. डबा कुठनं येतो गं?"

हा क्षण मी पुष्कळदा उलगडून पाहिला आहे. मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला भरपूर वेळ मिळाला. मोर ओरडला, अण्णांनी पटका सारखा केला, शालनने माझ्याकडे पाहिलं. अव्वांची अट, पुढचं वर्ष, परीक्षा, स्थळं, सगळं माझ्या नीटनेटक्या डोक्यात ओळीने उभं राहिलं. आणि मी म्हणाले, "मंगळवार पेठेतनं येतो, अण्णा. एक जैन बाई आहेत, त्या करून देतात. ही येता येता घेऊन येते."

अण्णांनी शालनकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. चांगले होते ते. त्यांनी ढेप तिच्या हातात दिली. "पोरी, एवढी त्या बाईंना पोचव. म्हणावं, शिरोळच्या अण्णांनी आठवणीनं दिली. परक्या गावात आमच्या लेकीला त्यांनी सांभाळलं."

शालनने ढेप दोन्ही हातांनी घेतली. "देतो की, अण्णा," ती म्हणाली. "नक्की पोचवतो."

सोमवारी डबा आला. शालनने तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पेठेतल्या बाईंनी इचारलंय, परवा मीठ बरं पडलं होतं का."

मंगळवारी: "पेठेतल्या बाई म्हणत होत्या, दोडका जून निघाला, माफ करा."

बुधवारी: "पेठेतल्या बाईंचं गुडघं लई दुखतंय. भांगलून भांगलून. पेठेत कुठं भांगलत्यात कुणास ठाऊक, पण दुखतंय खरं."

मला माफी मागायची होती. वाक्य तयार होतं, मराठीत एक आणि इंग्रजीत एक. रोज तोंडापर्यंत यायचं आणि घासाबरोबर खाली जायचं. पाठ समजावून सांगायला मी वही उघडली की ती म्हणायची, "राहू दे, दिवस बुडाला."

दहा-बारा दिवसांनी ती रिकाम्या हाताने आली.

"पेठेतल्या बाई गाव सोडून गेल्या," म्हणाली.

"कुठे?"

"मला काय म्हाईत? तू आणलीस त्यांना. तूच शोध."

दोन दिवस मी पुन्हा शेंगदाण्यावर आले. चातुर्मास संपायला थोडेच दिवस उरले होते, कसेही निघाले असते. अट पुरी झाली असती, पुढचं वर्ष मिळालं असतं. ट्रंक उघडून मी आकडा बघितला. सहा वाजून सहा मिनिटं. त्या दिवशी शालन वर्गात आलीच नव्हती. शेवटचा तास बुडवून चार वाजता मी निघाले, पण खोलीवर गेले नाही. उचगावच्या रस्त्याला लागले.

इतके महिने तिच्या घरचं खात होते आणि घर पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस उंच झालेला, मधून गाडीवाट. गुऱ्हाळाचा गोड, जळका धूर खाली बसलेला. गावाच्या तोंडाशी एक म्हातारा बैल धूत होता. "कुणाकडं जायाचं, पावणं?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "कांबळ्यांकडे. शालनकडे." त्याने माझ्या साडीकडे, चपलांकडे पाहिलं आणि ओल्या हाताने वाट दाखवली.

शालन घरी नव्हती. पारूबाई चुलीपुढे होत्या. बारीक बाई, हातावर गवताने कापल्याच्या रेघा. मला कधी पाहिलं नव्हतं, तरी बघताच म्हणाल्या, "पद्मा न्हवं तू? अगं, उतरला का ताप? शालन म्हणाली, दोन दिस निजून हाईस, डबा नको म्हणालीस."

मी दारातच उभी राहिले.

"बस की. उभी का?" त्यांनी पाट सरकवला. "आणि तुझ्या बापाला माझा निरोप सांग. गूळ लई गोड निघाला. कुठलं शिरोळ आणि कुठलं उचगाव, पण माझ्यासाठनं आठवणीनं धाडला. शालननं सांगितलं मला. म्हणाले म्हणं, माझ्या लेकीला सांभाळलंत. एवढं कोण म्हणतंय, बाई?"

म्हणजे शालनने नक्की पोचवला होता. गूळही आणि शब्दही. फक्त मधली मंगळवार पेठ काढून टाकून.

पारूबाईंनी दाराबाहेर नजर टाकली, ऊन कुठवर आलं आहे ते बघितलं. "हाय अजून दिवस. चटशिरी वाढतो." फळीवर ते पातेलं होतं, बाकीच्या भांड्यांपासून हातभर दूर, घासून लख्ख, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं: पद्मा. वर बुद्धाची तसबीर. माझ्या आजाराची बातमी ऐकूनही त्यांनी ते दोन दिवस घासून ठेवलं होतं.

मी जेवत असताना शालन आली. डोक्यावर गवताचा भारा होता. तो टाकून दारात थांबली.

"पेठेतनं आलीस?" तिने विचारलं.

"नाही. हॉस्टेलवरनं. चालत."

तिने केसांतलं गवत झटकलं आणि आईला म्हणाली, "तिला अजून अर्धी भाकरी घाल. ती मागत न्हाय, तिला सवय न्हाय मागायची."

परतताना ती मला वेशीपर्यंत सोडायला आली. मी म्हणाले, माझं चुकलं. तयार केलेल्या दोन्ही वाक्यांपैकी एकही आठवलं नाही. "मी अण्णांना खरं सांगेन."

"कधी?"

"दिवाळीला. घरी गेले की."

"बरं," शालन म्हणाली.

दिवाळीला मी शिरोळला गेले. अव्वांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली, माझ्या नातीनं चार महिने पाळलं म्हणाल्या. मग मंगळवार पेठेतल्या बाईंसाठी करंज्यांचा डबा भरून दिला. मी तो घेतला. अण्णा समोर बसले होते. करंज्या उचगावला गेल्या, पारूबाईंनी अव्वांना आशीर्वाद दिले. करंज्या कुणी खाल्ल्या, हे अव्वांना कधी कळलं नाही.

पुढे अव्वा गेल्या, अण्णा गेले. खरं सांगितल्याने काही बिघडणार होतं ते सगळं संपून गेलं, तरी मी सांगितलं नाही. खोट्याला एकदा नीट घडी घालून ठेवली की ते कपाटात फार जागा घेत नाही. तुमच्या आजोबांना मी मंगळवार पेठेतल्या बाई सांगितल्या. तुमच्या आईला झोपवताना सांगितल्या. तिने तुम्हाला सांगितल्या. वर्षांगणिक त्या बाईंना सोनेरी चष्मा आला, गुडघेदुखी होतीच, एक तुळस पण आली कुठून तरी. शालनआजी घरी यायची, जेवायची, तुमच्यासमोर त्या बाईंची गोष्ट निघाली की भाजीत मीठ घालायला उठायची. ती इंग्रजीची प्राध्यापिका झाली, उचगावात तिने घर बांधलं. त्या वेशीनंतर तिने मला परत कधी विचारलं नाही.

पारूबाई वारल्या त्या महिन्यात ती एक पिशवी घेऊन आली. "हे तुझं. नाव हाय तुझं." तेच पातेलं. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा ज्यात खीर व्हायची ते. अनया, तू सहा वर्षांची असताना त्या ठिपक्यांवर बोट फिरवून विचारलं होतंस, हे कुणी दिलं. मी म्हणाले होते, मंगळवार पेठेतल्या बाईंनी.

आणि गुरुवारी, तुझ्या फोनवर, मी रचलेलं खोटं तुझ्या पांढऱ्या भिंतीच्या खोलीत तुझ्यासमोर बसलेलं मला दिसलं. तू आपल्यातल्या कुणाची वाट बघते आहेस, ब्रेड खात, कारण आजीला तशी एक बाई मिळाली होती. ती बाई कधी नव्हती, अनया. मला ग्रंथालयात शेजारच्या ओळीतली मुलगी मिळाली होती. तिने विचारलं, लसूण म्हणून का आमची म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी ती परत आली.

काल रविवारी मी शालनला फोन करून सांगितलं, की मी हे सगळं लिहिते आहे, तुला चालेल का.

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग ती म्हणाली, "उगवली व्हय तुझी दिवाळी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लिही की. आईचं नाव नीट लिही. आणि ते बैल धुणारं म्हातारं माझा चुलता होता, ते पण लिही. आयुष्यभर म्हणायचा, कोण ती पावणी चकचकीत चपला घालून चिखलात आलती."

आज सकाळी मी पातेलं घासलं, पिशवीत घातलं आणि रिक्षा करून मंगळवार पेठेत गेले. तिथल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा बसतो. पूर्वी छिन्नी-हातोडी असायची, आता विजेवर चालणारी पेन्सिल आहे, ती गांधीलमाशीसारखी गुणगुणते. त्याने पातेलं फिरवून जुने ठिपके पाहिले. "हे ठोकून घातलेलं हाय, आजी. असलं आता कोण करत न्हाय. काय घालू ह्याच्या खाली?"

"पारूबाई कांबळे," मी म्हणाले. "यांच्याकडून."

"गाव घालायचं?"

दुकानात दोन बायका कढया बघत होत्या, त्यांतली एक माझ्या देवळातली ओळखीची. तिने मान वळवली होती.

"घाला," मी म्हणाले. "उचगाव."

गांधीलमाशी सुरू झाली. अक्षरं वाकडी आली आहेत, ओळ थोडी उतरती झाली आहे. मी एरवी परत करून घेतलं असतं.

पुढच्या महिन्यात शेजारच्या जोशीकाकूंचा मुलगा तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर पातेलं पाठवते. तक्ताही पाठवते आहे, तिथला, मी फोनवर बघून लिहिला आहे. डिसेंबरातल्या दिवसांचं काय करायचं ते तू ठरव, मी अट घालत नाही. हलिमाला काय चालतं आणि काय नाही ते मात्र आधी विचारून घे, आणि लिहून ठेव. पातेल्यात दोन माणसांची आमटी होते. मी मोजून बघितली आहे.